समलिंगी पोलिसांसाठी काय हवं: बाहेरची संघटना की खात्यातलं नेटवर्क?

न्यूयॉर्कचे पोलीस सार्जंट चार्ल्स कॉक्रेन यांनी १९८१ साली नगर परिषदेसमोर आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. पुढच्याच वर्षी ‘गे ऑफिसर्स अ‍ॅक्शन लीग’ ही समलिंगी पोलिसांची संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९९० साली गे आणि लेस्बियन पोलिसांनी अशीच संघटना काढली. अशी खात्याबाहेरची संघटना वरिष्ठांची मिंधी नसते, भेदभावाची तक्रार न दबकता मांडते. उलट खात्यातल्या नेटवर्कला, म्हणजे पोलीस खात्याच्या आतच चालणाऱ्या अशा कर्मचाऱ्यांच्या गटाला, बैठकीसाठी ड्यूटीतली वेळ मिळू शकते, भरती-प्रशिक्षणाच्या नियमांत शब्द टाकता येतो. हे मोठंच काम. पण लॉकर रूममधले टोमणे ऐकून मान खाली घालून बूट बांधणारा शिपाई, साहेबांच्या नजरेस पडेल अशा यादीत नाव देईल? मला नाही वाटत. त्याला आधी बाहेरचा फोन नंबर हवा, जिथे नाव न सांगताही बोलता येतं.