रॉकेलवर लिंबाचा स्प्रे मारणारी डीप क्लीनिंग सर्व्हिस : 2 स्टार

पाचपैकी दोन स्टार देतोय, त्यातला एक सर्व्हिसला आणि एक त्यांच्याकडनं आलेल्या दोघांपैकी धाकट्या पोराला. नाव घेत नाही, पण कोल्हापुरात राजारामपुरीत ऑनलाईन बुक करणाऱ्यांना अंदाज येईलच.

झालं असं की आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधे किचनच्या माळ्यावर घरमालक काकांचा रॉकेलचा कॅन पडून होता, बंब पेटवायला म्हणून कधीकाळी रेशनवरनं आणून जपलेला. प्लॅस्टिक कुजून त्याचं बूड तडकलं आणि सकाळी बघतोय तर भिंतीवरनं ओघळ आणि ओट्याखाली निळं थारोळं. आईनं फोनवरनंच दम भरला, गॅसचा कॉक बंद कर, खिडक्या सताड उघड, लाईटच्या बटणाला हात लावू नको. बरोबरच हाय की, रॉकेल पेट्रोलसारखं भपकन पेटत नसलं तरी तापलेल्या जागेत त्याची वाफ पेट घेते, आणि फडक्यात मुरलं की त्या फडक्याची वातच होते, मग जाळ अन् धूर संगटच.

सर्व्हिसवाल्यांनी फोनवर सांगितलं की वास शंभर टक्के जाणार सर, आमच्याकडं केमिकल आहे. आले दोघं, आणि त्यातल्या मोठ्यानं आल्या आल्या काय केलं तर बादलीभर पाणी ओतलं! अरे बाबा, रॉकेल पाण्यावर तरंगतंय हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतंय. जे ओट्याखाली होतं ते सगळं तरंगत हॉलच्या स्कर्टिंगपर्यंत गेलं. त्यावर फिनेल, त्यावर लिंबाच्या वासाचा स्प्रे. तीन हजार रुपये जीएसटीसकट घेतले आणि संध्याकाळी घरात रॉकेल, फिनेल आणि लिंबू तिन्हीचा एकत्र वास. त्यात आम्ही गाद्या खाली टाकून झोपणारे, ही वाफ हवेपेक्षा जड, खालीच बसून राहते, उभं असताना वाटायचं गेला वास आणि आडवं झालं की डोकं धरायचं.

जाता जाता धाकटं पोरगं हळूच म्हणालं, "दादा, हे पाण्यानं जायचं नाही, टिंबर मार्केटातनं भुसा आणा." खरी सर्व्हिस हीच. पोतं आणलं, जाडसर थर पसरला, भुसा ओला झाला की गोळा करून परत कोरडा टाकला, आणि रॉकेल पिऊन तो अक्षरशः निळसर झाला. मग भांड्याच्या साबणानं कडक ब्रशनं घासलं. टाईल्स निघाल्या, पण मधल्या पांढऱ्या सिमेंटच्या जॉइंटमधे निळी रेघ अजून दिसते, ते जॉइंट खरवडूनच भरायला लागणार. भिंतीचं पण तेच, डिस्टेंपरच्या आत लांबीत (म्हणजे पुट्टीत) मुरलेलं, पेंटरनं तेवढा पट्टा खरवडून नवीन लांबी लावली तेव्हा कुठं वास तुटला. ओला भुसा गटारीत टाकला नाही की पेटवला नाही, झाकणाच्या डब्यात भरून उघड्यावर ठेवला आणि घंटागाडीवाल्याला काय आहे ते सांगून दिला.

काकांनी डिपॉझिटचा विषय काढलाच. कॅनवर ऑईलपेंटनं त्यांचंच आडनाव लिवलेलं, फोटो दाखवला, पेंटरचे पैसे त्यांनीच दिले. भाड्यानं राहणाऱ्यांनो, माळ्यावर मालकाचं काय काय पडलंय त्याचे फोटो घर घेतानाच काढून ठेवा.

सर्व्हिसकडं तक्रार केली तर उत्तर काय, दुसरं सेशन बुक करा, डिस्काउंट देऊ. विषय हार्ड! कशावर डिस्काउंट, दुसऱ्या बादलीवर? बाकी त्याच दिवशी बाथरूम मात्र चकाचक करून दिलं, क्षाराचे डाग सुद्धा काढले, त्यामुळं बाथरूम, सोफा असल्या कामाला खुशाल बोलवा. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑईल सांडलं असेल तर बुकिंगच्या आधी फोनवर विचारा, शोषून घ्यायला कोरडं काय आणताय, आणि उत्तरात नुसतं केमिकल केमिकल आलं तर फोन ठेवा.