पाडव्याला जोडून तीन दिवस : छत्रपती संभाजीनगर की हैदराबाद?

गुढीपाडवा किंवा रामनवमी गुरुवारी-शुक्रवारी आली, की आमच्या परभणीकडच्या घरांत एक चर्चा हटकून सुरू होते. मुलांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर येण्यापूर्वी दोन-तीन दिवस कुठे जाऊन येता येईल, आणि तेही मे महिन्यातल्या लग्नसराईच्या पैशांना हात न लावता? पुण्या-मुंबईचा विषय बहुतेक वेळा लॉजच्या भाड्यापाशीच संपतो. मग उरतात ती मनमाड-सिकंदराबाद या एकाच रेल्वेमार्गावरची दोन शहरे : एका दिशेला छत्रपती संभाजीनगर आणि दुसऱ्या दिशेला हैदराबाद. आमच्या घरातली माणसे पाच, म्हणजे आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांची दोन मुले आणि सत्तरीच्या आई. पुढची तुलना अशा कुटुंबाला समोर ठेवून केली आहे. केवळ तरुण मित्रमंडळी निघणार असतील तर त्यांचा हिशेब वेगळा येईल.

जाण्या-येण्याच्या खर्चात संभाजीनगर सरळसरळ स्वस्त आहे. परभणीहून रेल्वेने सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर असून तीन-साडेतीन तासांत गाडी पोचते. एसटीने गेल्यास वेळ अधिक लागतो आणि हाडे खिळखिळी होतात. मात्र महिलांना अर्धे तिकीट आणि 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धेच, या सवलतींमुळे आमच्यासारख्या कुटुंबाचे बसभाडे बरेच खाली येते. हैदराबाद याच्या जवळपास दुप्पट लांब आहे आणि तिथे रात्रीच्या गाडीने शयनयान डब्यात जाणेच सोयीचे पडते. पण रात्रीची गाडी म्हणजे लॉजची एक रात्र वाचणे, हा भाग अनेकजण हिशेबात धरायला विसरतात. दुसरी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी : तेलंगणातल्या सरकारी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास असल्याचे ऐकून आपल्याकडच्या बायका हरखून जातात, परंतु ती सवलत तेलंगणाच्या रहिवासी महिलांपुरती आहे. आधार कार्डावर परभणीचा पत्ता असला की तिकीट काढावेच लागते.

प्रवेश शुल्काची तर कोणी चिंताच करू नये. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. वेरूळला मोठ्यांसाठी 40 रुपये आणि देवगिरी किल्ला, बीबी का मकबरा, चारमिनार आणि गोवळकोंडा या ठिकाणी प्रत्येकी 25 रुपये असा दर आहे. म्हणजे वेरूळ, देवगिरी आणि मकबरा ही तिन्ही ठिकाणे आम्हा पाच जणांना 270 रुपयांत पाहता येतात, आणि चारमिनार व गोवळकोंडा मिळून 150 रुपयांत. एवढ्या पैशांत दोन्हीकडे पाचजणांचे धड एक जेवणही होत नाही.

मग पैसा जातो कुठे? माझ्या अनुभवाप्रमाणे तो जातो दुपारी. फाल्गुन सरून चैत्र लागतो तेव्हा पळस आणि पांगारा फुललेला असतो, कडुनिंबाला मोहोर येतो, सकाळ-संध्याकाळची हवाही गोड असते. मात्र साडेअकरानंतर मराठवाड्याचे ऊन कोणाचीच भीड ठेवत नाही. साडेअकरा ते चार या वेळात कुटुंबाला कुठे बसवायचे, या प्रश्नावरच या सहलीचे अर्धे अंदाजपत्रक ठरते. थकलेली मुले थंड पेय मागतात, आजींना पाठ टेकायला जागा हवी असते आणि वैतागलेला कर्ता माणूस अखेर मिळेल त्या रिक्षात सगळ्यांना कोंबून सांगेल ते भाडे देऊन मोकळा होतो.

या कसोटीवर संभाजीनगर काहीसे अवघड आहे. तिथले पाहण्यासारखे बहुतेक सारे उघड्यावर आणि दगडात आहे. वेरूळच्या 34 लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी दर्शनी भागावर सावली असते आणि दुपारनंतर थेट ऊन येते. म्हणून साडेसहा-सातच्या सुमारास शहरातून निघून पहिल्या गर्दीआधी कैलास लेण्यात शिरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. सोळाव्या क्रमांकाचे हे लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एका अखंड कातळात वरून खाली कोरत आणले गेले, हे वाक्य मुलांना पाठ्यपुस्तकात कंटाळवाणे वाटते. प्रत्यक्षात मात्र आमचा धाकटा अंगणातल्या दगडी हत्तीशेजारी उभा राहून वरच्या कड्याकडे बघत बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘‘बाबा, एवढा काढलेला दगड नेला कुठं?’’ याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. चाळीस रुपयांत याहून अधिक काय मिळायला हवे, हे मला सांगता येणार नाही. अकराच्या सुमारास बाहेर पडून शेजारीच असलेल्या घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे आणि जेवणाच्या वेळेला शहरात परतावे. देवगिरी त्याच रस्त्यावर आहे खरा, परंतु दुपारी तो चढायला घेणे म्हणजे आजारपणाला आमंत्रण. वटवाघळांच्या वासाने भरलेली तिथली अंधारी वाट मुलांना आवडते, आजींना नाही. किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी आणि मकबरा संध्याकाळी, अशी विभागणी केली तरच हे शहर झेपते. पाणचक्कीच्या आवारात, वाहत्या पाण्याजवळच्या झाडाखाली, दुपारचा एखादा तास बरा जातो. बाकी वेळ लॉजच्या खोलीत काढावा लागतो, आणि म्हणूनच इथे खोली थोडी बरी घ्यावी लागते.

अजिंठा या सहलीत बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर, फर्दापूरला आपले वाहन सोडून आतल्या बसने जाणे, पुढे पायऱ्या, आणि ते पाहताना जी सवड हवी ती लहान मुलांबरोबर मिळत नाही. ज्यांना चित्रे पाहायची आहेत त्यांनी पावसाळ्याच्या शेवटी वेगळा बेत करावा.

हैदराबादची दुपार त्या मानाने सोपी आहे. सालारजंग संग्रहालयात सहज तीन तास सावलीत जातात आणि तिथल्या घड्याळासमोर दर तासाला गर्दी जमते : तास भरत आला की आतला दाढीवाला पुतळा बाहेर येतो, जितके वाजले तितके टोल देतो आणि आत जातो. बाराच्या टोल्यांना पोचता आले तर उत्तम, कारण मुले बाराही टोल मोठ्याने मोजतात आणि मग जेवायला मुकाट्याने चालू लागतात. दुसऱ्या दुपारसाठी नौबत पहाडावरचे बिर्ला विज्ञान संग्रहालय आणि तारांगण आहे. त्याला लागूनच बिर्ला मंदिर असल्यामुळे ऊन कलल्यावर तिथून हुसेनसागरातली बुद्धमूर्ती पाहता येते. गोवळकोंडा मात्र सकाळीच उरकावा. फतेह दरवाजापाशी वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, हा प्रयोग आमच्या दोन्ही मुलांनी इतक्या वेळा केला, की मागच्या लोकांनी आम्हाला पुढे सरकायला सांगितले.

शहरांतर्गत फिरण्यातही हैदराबाद वरचढ ठरते. संभाजीनगरात वेरूळला मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी किंवा काळी-पिवळी मिळते, पण वेरूळ, देवगिरी आणि मकबरा एका दमात करायचे म्हटले की दिवसभराची गाडी ठरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिकिटात वाचलेला पैसा तिथे निघून जातो. हैदराबादला शहर बसचा चोवीस तासांचा पास निघतो आणि 2017 पासून मेट्रो आहे. बिर्ला मंदिरासाठी मेट्रोच्या विधानसभा किंवा लकडी-का-पूल स्थानकावर उतरता येते. चारमिनारपर्यंत मेट्रो अजून पोचलेली नाही. महात्मा गांधी बसस्थानकाजवळ उतरून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते. मुलांना तर मेट्रो हेच एक प्रेक्षणीय स्थळ वाटते, ते वेगळे. रामोजी फिल्म सिटी मात्र यादीतून आधीच वगळावी, कारण माणशी हजाराच्या पुढचे तिकीट आणि अख्खा दिवस, यांत बाकीच्या सहलीचे पैसे संपतात.

सुट्टीचे वार तपासणे अत्यावश्यक आहे. वेरूळ मंगळवारी बंद असते, हे मला एकदा वेरूळच्या बंद फाटकासमोर पाचजणांसह उभे राहिल्यावर कळले. शनिवार-रविवार धरून जाणाऱ्यांना त्याची अडचण नाही. मात्र सालारजंग आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात आणि ही अडचण पाडव्याला जोडून जाणाऱ्यांनाच नेमकी येते. गुरुवारी गुढी उतरवून रात्रीच्या गाडीने निघालेले कुटुंब हैदराबादला उतरते ते शुक्रवारी सकाळी. अशा वेळी शुक्रवारी गोवळकोंडा आणि तारांगण, शनिवारी सालारजंग आणि चारमिनार असा क्रम लावावा. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद, म्हणून ते रविवारी. रमजान चालू असेल तर चारमिनारच्या परिसरात संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते. हलीम खाणाऱ्यांसाठी तो योगच म्हणायचा, पण आजींना घेऊन तिथे सकाळीच जावे.

जेवणाबाबत फार लिहिण्याची गरज नाही. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिला दिवस दोन्हीकडे सांभाळते. त्यानंतर शाकाहारी माणसाला हैदराबादेत इडली-डोशाच्या टिफिन सेंटरमुळे सोपे जाते, तर संभाजीनगरचा नान-खलिया ही मांसाहारी मंडळींची चैन आहे. खरेदीत मात्र लाड बाजार घातक आहे : लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात घरातल्या बायका शिरल्या, की पुरुषांनी बाहेर इराणी चहा घेत बसावे आणि पाकिटाकडे पाहू नये.

राहण्याचा प्रश्न संभाजीनगरात अनेकांचा आपोआप सुटतो, कारण मराठवाड्यातल्या निम्म्या घरांचा कोणीतरी पाहुणा तिथे असतोच. लॉजचे भाडे त्यात वाचते. पण आग्रहाचे जेवण, आणखी दोन नातलगांकडे चहा आणि शेवटी मुलांच्या हातावर ठेवायच्या नोटा, यांत वेरूळची सकाळ हातची जाते. लॉज घेतला तर पाणी चोवीस तास आहे का, हे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी विचारावे, कारण शहरातल्या नळाला रोज पाणी येत नाही आणि मार्चपासून टँकरवर भिस्त वाढते. हैदराबादेत काचीगुडा आणि सुलतान बाजार भागात उतरणे सोयीचे : स्थानक जवळ, सुलतान बाजारला मेट्रो, आणि जुनी मराठी वस्ती. आमच्या आईंच्या पिढीला हे शहर परके वाटत नाही. 1956 पर्यंत ती आपलीच राजधानी होती, आणि तिथल्या रिक्षावाल्याशी दखनी हिंदीत घासाघीस करताना आईंना जो हुरूप येतो तो पुण्यात कधी येत नाही.

तेव्हा दोनच दिवस हाताशी असतील, मुले पाच-सहा वर्षांच्या आतली असतील किंवा रात्रीचा प्रवास ज्येष्ठांना सोसत नसेल, तर संभाजीनगर निवडावे आणि वेरूळसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. पूर्ण तीन दिवस मिळत असतील आणि मुले शाळकरी असतील, तर तिकिटाचे जास्तीचे पैसे मोजूनही हैदराबाद शेवटी स्वस्त पडते. आमच्या घरी यंदा हैदराबाद ठरले आहे. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते आणि जोडून आलेल्या सुट्टीत पहिल्या काही दिवसांतच प्रतीक्षायादी लागते, म्हणून पंचांग मिळताच तारखा ठरवाव्यात. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे लागते, बर्थ घेतल्यास पूर्ण. धाकट्याचा बर्थ वाचवण्याचा मोह मला एकदा झाला होता. निजामाबाद येईपर्यंत त्याचे दोन्ही पाय माझ्या बरगड्यांत होते, त्यामुळे या वेळी पाचही बर्थ पूर्ण भाड्याचे घेतले आहेत.