कॅमेऱ्याची नजर तीक्ष्ण, कुलूप कच्चे

सांगलीतील आमच्या हळदीच्या गोदामासाठी चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा एक डीव्हीआर असा संच दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बसवून घेतला. चित्राबद्दल बोलायला जागा नाही. रात्री फाटकाशी उभ्या असलेल्या टेम्पोचा नंबर सहज वाचता येतो आणि वीज जाऊन आली की डीव्हीआर आपोआप सुरू होतो.

तक्रार आहे ती सुरक्षिततेची. बसवणाऱ्या मुलाने 'अ‍ॅडमिन' हे नाव आणि '१२३४५६' हा पासवर्ड तसाच ठेवला, राउटरमधून डीव्हीआरसाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, उघडले आणि "काका, आता घरबसल्या मोबाइलवर बघा," असे सांगून तो निघून गेला. पासवर्ड मी त्याच रात्री बदलला. तरीही नेटवर्किंगचे काम करणाऱ्या भाच्याने नुकतीच तपासणी केली तेव्हा टेलनेटचे (दुरून यंत्राला आज्ञा देण्याच्या जुन्या सोयीचे) २३ क्रमांकाचे पोर्ट बाहेरून उघडे निघाले आणि तेथे कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून चालत होता, कारण मेनूमध्ये केलेला बदल तेथपर्यंत पोहोचतच नाही.

२०१६ साली 'मिराई' या घातक प्रोग्रामने नेमकी हीच वाट धरली होती. इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक चाचपायचे, टेलनेट उघडे सापडले की कारखान्यात ठरलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहायच्या आणि जोडी जुळली की ते यंत्र आपल्या फौजेत घ्यायचे, एवढाच त्याचा उद्योग. कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांच्या अशा फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता शोधून देणाऱ्या 'डाइन' या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरांवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे कित्येकांना काही तास उघडेनात. यंत्राच्या मालकाला मात्र याचा पत्ताही लागत नाही. त्याचा कॅमेरा नेहमीसारखा चित्र दाखवत असतो. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत राहतो, त्यामुळे यंत्र बंद करून चालू केले की तो जातो (आमच्याकडच्या भारनियमनाचा तेवढाच काय तो उपयोग), पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येऊ शकतो.

हे विक्रेत्याला सांगितले, तर "तुमच्या गोदामात हळदच तर आहे, कोण हॅक करणार?" असे उत्तर मिळाले. असल्या हॅकरला आमची हळद नको असते आणि आमचे चित्रही नको असते. त्याला हवा असतो तो चोवीस तास चालू राहणारा डीव्हीआर, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. नवे फर्मवेअर (डीव्हीआर चालवणारा आतला प्रोग्राम) मागितले, तर या मॉडेलसाठी ते आता निघत नसल्याचे कळले.

अखेर भाच्याने राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग (ती उघडलेली वाट) आणि यूपीएनपी (यंत्रांना अशा वाटा आपोआप उघडू देणारी सोय) बंद केले व डीव्हीआर इंटरनेटपासून तोडून टाकला. चित्रासाठी पाचपैकी चार तारे देईन, विक्रीनंतरच्या सेवेला एकही नाही. मोबाइलवर पाहण्याची सोय गेल्यामुळे तोलाई चालू असताना मला पूर्वीसारखे गोदामातच थांबावे लागते.