आरव्ही पार्क की कोणाच्या घरामागची जागा?

अमेरिकेत काही महिने आरव्हीत, म्हणजे आत घराच्या सोयी असलेल्या गाडीत, राहायचे ठरवले की गाडी उभी कोठे करायची, हा प्रश्न गाडीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा होतो. एक पर्याय आरव्ही पार्कचा, म्हणजे अशा गाड्यांना भाड्याने जागा देणाऱ्या तळाचा. दुसरा, गावाबाहेर दोन-चार एकरांत घर असलेल्या मालकाकडून त्याच्या आवारातली जागा महिन्याच्या भाड्याने घेण्याचा. पार्कातले राहणे चाळीसारखे, तर घरामागचे राहणे वाड्यातल्या बिऱ्हाडासारखे असते. आणि वाड्याचा मालक कितीही भला असला तरी नळाची चावी त्याच्याच हातात राहते.

आवारातली जागा पुष्कळदा स्वस्त पडते, मोकळी असते आणि शेजारच्या गाडीतला टीव्ही आपल्या उशाशी वाजत नाही. गाडी जुनी असेल तर हा पर्याय अधिकच मोलाचा ठरतो, कारण दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या अनेक पार्क घेत नाहीत. भाड्याची तुलना करताना मात्र वीज त्यात धरली आहे का, हे दोन्हीकडे विचारावे. पार्कात महिन्याच्या मुक्कामाला ती बहुधा मीटरप्रमाणे वेगळी लागते.

खरा फरक विजेच्या खांबापाशी, म्हणजे गाडीचा प्लग लावायचे सॉकेट असलेल्या बुटक्या खांबापाशी कळतो. आरव्हीची ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टची, म्हणजे ३,६०० वॅटची असते, तर ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्याने तिच्यावर १२,००० वॅटपर्यंत भार चालतो. पार्कात हे खांब तयार असतात. घरमालक मात्र कधी कधी गॅरेजमधल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून वायर ओढून देतो. त्यावर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. त्याहून धोकादायक चूक म्हणजे ३० अँपिअरचे सॉकेट कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी आहे असे समजून वायरमनने त्याला २४० व्होल्ट जोडणे. मी पाहायला गेलेल्या एका जागी मालकाने नवा कोरा खांब कौतुकाने दाखवला. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला तर आकडा आला २४१. प्लग तसाच लावला असता तर गाडीतली निम्मी उपकरणे तिथेच जळाली असती. मालक लबाड नव्हता, त्याला ठाऊकच नव्हते, आणि खासगी जागेतली मुख्य अडचण हीच असते.

सांडपाण्याचेही तसेच आहे. घराची सेप्टिक टाकी शयनगृहांच्या संख्येवरून बेतलेली असते, त्यामुळे आपले बिऱ्हाड हा तिच्यावरचा जादा भार असतो, आणि गाडीच्या शौचटाकीत घालायची फॉर्मल्डिहाइडची रसायने सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मारतात. सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली, हे विचारावे. मालकाला आठवतच नसेल तर सावध व्हावे. सांडपाण्याची जोडणीच नसेल, तर गाडीतल्या टाक्या भरल्या की सगळा पसारा आवरून गाडी उपसा-केंद्रावर न्यावी लागते, आणि हा त्रास दोन महिने काढण्याजोगा नाही, असे माझे मत आहे.

परवानगीचा प्रश्न पार्कात सहसा येत नाही. निवासी जमिनीवर आरव्ही उभी करणे चालत असले तरी तिच्यात राहण्यास अनेक काउंटींमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मनाई किंवा दिवसांची मर्यादा आहे. एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली की नोटीस मालकाला येते, पण बिऱ्हाड आपल्याला हलवावे लागते; म्हणून काउंटीच्या नियोजन कार्यालयात आपण स्वतः फोन करावा आणि मुदत, वीज, पाणी व जागा सोडण्याची पूर्वसूचना हे सारे कागदावर घ्यावे.

मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असेल तर ही यातायात करू नये, पार्कच घ्यावा. तीन महिने किंवा अधिक राहायचे असेल, खांब आणि सांडपाण्याची जोडणी दोन्ही पक्की असतील व काउंटीची हरकत नसेल, तर मी आवारातली जागा घेईन. मात्र ती पाहायला मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जाईन, कारण खडी न टाकलेल्या हिरवळीवर सात-आठ टनांची गाडी किती रुतेल, हे कोरड्या दिवशी कळत नाही.