थंड पाण्यासाठी घेतलेला फुल फेस मास्क आणि गेलेले 712 पौंड

रकमेपासूनच सुरुवात करतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. डायव्हिंगच्या मास्कचे 525 पौंड, फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसून हवेचा दाब कमी करणारा भाग) आणि होज म्हणजे हवेची नळी यांचे 120, 'नुकत्याच केलेल्या' सर्व्हिसिंगचे 45 आणि विमा उतरवलेल्या कुरियरचे 22, असे एकूण 712 पौंड मी गेल्या डिसेंबरात एका अनोळखी माणसाच्या खात्यात स्वतःच्या हाताने भरले.

मी डायव्हिंग शिकलो तारकर्लीला, कोमट पाण्यात. नोकरीनिमित्त इंग्लंडला आल्यावर लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या जुन्या ग्रॅनाइटच्या खाणीत उतरू लागलो. हिवाळ्यात तिथले पाणी पाच अंशांच्या आसपास असते. ड्रायसूटमुळे अंग कोरडे राहते, पण गाल आणि ओठ उघडेच राहतात, आणि थोड्या वेळात ओठ इतके बधिर होतात की माउथपीस तोंडात आहे की नाही हे दातांनी चाचपावे लागते. म्हणून कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारा, सेकंड स्टेज (श्वास घेताना तोंडाशी हवा सोडणारा भाग) त्यातच बसवलेला मास्क मला हवा होता. नव्याची किंमत हजार पौंडांच्या घरात, त्यामुळे मी वापरलेला शोधत होतो. याला कोणी हाव म्हणू नये. आमच्या क्लबातले बरेच जण जुनेच सामान वापरतात आणि सुखरूप वर येतात.

शेवटी एका संकेतस्थळावर जाहिरात सापडली. विक्रेत्याला कानाचा त्रास सुरू झाल्यामुळे डायव्हिंग सोडावे लागले, वस्तू चारच वेळा पाण्यात गेली, आणखी दोघे विचारत आहेत, हे पुराण तुम्हा सर्वांना पाठ असेल. मलाही होते. तरी फसलो, कारण त्या माणसाला विषय कळत होता. नाकातोंडावर बसणारा आतला छोटा कप नीट बसला नाही तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्ये साठतो आणि काचेवरही वाफ धरते, दाढी असेल तर कडेने पाणी शिरते, शिवाय असा मास्क वापरणाऱ्याने साधा मास्क खिशात आणि वेगळा ऑक्टोपस (जादा, राखीव सेकंड स्टेज) हाताशी ठेवलाच पाहिजे, हे त्याने मी न विचारता सांगितले. विकणाराच आपल्या जिवाची काळजी करू लागला की आपण सैल पडतो. तिथेच ताठ व्हा.

आता तो क्षण, जो आठवला की अजूनही रात्री झोप उडते. मी फर्स्ट स्टेजचा जवळून काढलेला फोटो मागितला आणि त्याने तो बिनदिक्कत पाठवला. त्यावर 'ईएन 250' आणि पुढे '>10' अंश असे स्पष्ट कोरलेले होते. या युरोपीय मानकात 10 अंशांखालचे पाणी म्हणजे थंड पाणी. त्यासाठीच्या रेग्युलेटरची (फर्स्ट आणि सेकंड स्टेज मिळून रेग्युलेटर होतो) चाचणी 4 अंश किंवा त्याहून गार पाण्यात होते, आणि जो त्या चाचणीला उतरलेला नाही त्याच्यावर हे चिन्ह येते. म्हणजे वस्तू स्वतःच सांगत होती की मला थंड पाण्यात नेऊ नका. मी त्याला अर्थ विचारलाही. 'दहा अंशांपेक्षा जास्त गारठा सोसते,' असे उत्तर आले आणि मी ते मानले! ज्या चिन्हाची मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते हे दुसरीत बाईंनी फळ्यावर चित्र काढून शिकवले होते, त्याच चिन्हाचा उलटा अर्थ अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाने केवळ भाव बरा होता म्हणून गिळला. खातेदाराचे नाव पूर्ण जुळत नसल्याची सूचना बँकेच्या स्क्रीनवर आली, तीही मी पुढे ढकलली. 'कार्डावर का नाही देत?' असे बायको म्हणाली, तेव्हा खासगी विक्रेते कार्ड घेत नाहीत हे मीच तिला शहाण्यासारखे समजावले. इथे क्रेडिट कार्डावर दुकानातून 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतची वस्तू घेतली तर कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. हे मला माहीत होते.

जानेवारीत सहा मीटरवर तो मास्क जेमतेम चार मिनिटे चालला. सिलिंडरमधली हवा फर्स्ट स्टेजमध्ये एकदम प्रसरण पावताना कमालीची थंड होते. झडपेभोवती बर्फ धरला की झडप उघडीच अडकते आणि हवा नुसती धो धो सुटते. साधा रेग्युलेटर तोंडातून काढता येतो, इथे सगळा मास्कच उतरवावा लागतो. पाच अंशांचे पाणी उघड्या चेहऱ्यावर आदळले की धाप आपोआप लागते, आणि पाण्याखाली धाप लागणे म्हणजे काय हे सांगायला नको. जोडीदाराने त्याचा ऑक्टोपस तोंडात कोंबला म्हणून मी हे लिहीत आहे. नंतर एका तंत्रज्ञाने 40 पौंड घेऊन (हे वेगळेच) तपासणी केली: मास्कवरचा क्रमांक कानशीने घासलेला, आतले सुटे भाग दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूचे आणि सर्व्हिसिंगचा मागमूस नाही. आधी तपासणी, मग पैसे, असा क्रम ज्याला मान्य नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

त्यानंतर टोलवाटोलवी सुरू झाली. 7 ऑक्टोबर 2024 पासून इथल्या बँकांवर अशा फसवणुकीची 85,000 पौंडांपर्यंतची रक्कम परत देण्याचे बंधन आहे, म्हणून मी आशेने अर्ज केला. बँकेचे म्हणणे असे की वस्तू तुमच्या हाती पडली आहे, तेव्हा ही फसवणूक नसून दोन व्यक्तींमधला दिवाणी वाद आहे. म्हणजे त्याने रिकामे खोके पाठवले असते तर मी अधिक सुखी झालो असतो! पोलिसांच्या फसवणूक विभागाने तक्रारीचा क्रमांक दिला आणि पाच आठवड्यांनी तपासाला पुरेसा धागा नसल्याचे पत्र पाठवले. त्या माणसाचा खाते क्रमांक, फोन आणि कुरियरची पावती हे धागे नसतील तर त्यांना दोरखंड हवा होता की काय, कोण जाणे. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयाने सांगितले की विक्रेता व्यापारी नसल्याने प्रकरण त्यांच्या कक्षेत येत नाही. जाहिरातीच्या संकेतस्थळाने पैसे बाहेरून दिल्याचे कारण पुढे केले. या वस्तूने माणूस मरू शकतो, हे मी चौघांनाही लेखी कळवले; त्या वाक्याची पोच एकानेही दिली नाही.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळे, किंमत 495 पौंड, आणि फोटोत तेच '>10'. मी लगेच तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी उत्तर आले की जाहिरातीत नियमभंग आढळला नाही.