क्लच प्लेटी बदलून आठ महिने झाले, आता सांगतो नेमकं काय झालं होतं

गाडी १५० सीसी, २०१७ चं मॉडेल, रनिंग तेव्हा ४६ हजार. रोजचा रूट वारजे ते हिंजवडी, म्हणजे निम्मा रस्ता हाफ क्लचवरच. प्लेटी अन् स्प्रिंग बदलून आठ महिने झाले, त्यानंतर साधारण ७ हजार किलोमीटर पडलेत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

सुरुवात झाली खंबाटकी घाटात. साताऱ्याला निघालो होतो, मागे बायको, मांडीवर बॅग, चौथ्या गिअरला ट्रक ओव्हरटेक करायला रेस दिली तर इंजिन नुसतं बोंबललं, काटा सहा हजारावरून आठवर आणि गाडी आपली तिथंच ४५ ला. बायको म्हणाली कसला तरी जळका वास येतोय, मी म्हटलं त्या ट्रकचा असेल.

ट्रकचा नव्हता. परत आल्यावर सपाट रस्त्यावर बघितलं, पाचव्याला ४० वर गाडी ठेवून एकदम रेस पिळायची, क्लच धरत असेल तर आवाज आणि स्पीड सोबत वाढतात, माझ्या गाडीचा आवाज आधी पळत होता. गल्लीतल्या मेकॅनिकने एक राउंड मारला आणि म्हणाला, "साहेब क्लच गेला, पूर्ण असेंब्ली टाका." साडेतीन हजार ऐकून मी म्हटलं दादा, आधी घरी बघतो.

घरी बघितलं तर पहिला चोर मीच निघालो. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही म्हणून मी महिनोन्महिने केबलचा ॲडजस्टर आवळत होतो, लिव्हरला प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल) शून्य, म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेलाच. लोकांना वाटतं प्लेटी झिजल्या की लिव्हर ढिला होतो, पण बाईकच्या क्लचमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं, प्लेटी झिजतात तसा प्ले कमी होत जातो, तो मधेमधे सैल करून द्यावा लागतो. लिव्हरच्या टोकाला १०-१५ मिलिमीटर प्ले दिला, स्लिप (प्लेटींनी पकड न धरता घसरणं) थोडी कमी झाली पण गेली नाही.

दुसरा चोर पण मीच. चुलत भावाच्या कारचं सर्व्हिसिंग झालं तेव्हा उरलेलं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक त्याने दिलं, महागाचं आहे म्हणून मी खुशीत गाडीत ओतलं. डब्यावर मागे गोल शिक्का असतो, त्यात खाली रिसोर्स कॉन्झर्व्हिंग लिहिलेलं होतं, म्हणजे घर्षण कमी करणारं तेल. कारचा क्लच कोरडा असतो, त्याला काय फरक पडणार, आपल्या गाडीच्या प्लेटी त्याच तेलात बुडालेल्या असतात. बाईकला डब्यावर जासो (तेलाचं जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए-२ बघायचं, एमबी हे स्कूटरवाल्यांचं. एवढं वाचायला मला आठ वर्षं लागली. तेल बदललं, ३०० किलोमीटर चालवली, तरी चढाला क्लच घसरतच होता, मग उघडण्याशिवाय इलाज नव्हता.

रविवारी त्याच मेकॅनिककडे बसून उघडलं. फ्रिक्शन प्लेटी व्हर्नियरला २.९ मिलिमीटर आणि नवी ३.०, म्हणजे झिजल्या म्हणाव्यात अशा नव्हत्याच, पण तोंड बघता येईल इतक्या चकाकत होत्या. मधल्या स्टीलच्या प्लेटी निळ्या-काळ्या पडलेल्या. त्या घरी आणून टीपॉयच्या काचेवर ठेवल्या (टीपॉय पुसून दिला, तरी दोन दिवस बोलणी खाल्ली), चारातली एक बोटाने दाबली की डुगडुगायची, म्हणून स्टीलच्या पण चारही नव्या घेतल्या. जुने स्प्रिंग नव्याशेजारी उभे केले तर मिलिमीटरभर बसलेले दिसले. प्लेटी, स्प्रिंग, पॅकिंग आणि मजुरी धरून १६०० च्या आत काम झालं, प्लेटी कंपनीच्याच घेतल्या, लोकल सेट तीनशेने स्वस्त होता पण परत कव्हर खोलायची माझी तयारी नव्हती. फ्रिक्शन प्लेटी रात्रभर परातीत तेलात भिजवल्या, कोरड्या टाकल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. जास्त वेळ गेला जुनं पॅकिंग खरवडण्यात, आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो, कारण खाली ॲल्युमिनियम आहे, आटा गेला की खर्च वेगळाच.

आता अनुभव. पहिले पंधरा दिवस लिव्हर कडक, हिंजवडीहून घरी येईपर्यंत डावा पंजा दुखायचा, नंतर एकतर स्प्रिंग बसले किंवा हात. सकाळी थंड गाडी पहिल्याला सोडताना थोडी थरथरायची, तेही महिन्याभरात थांबलं. मायलेज ३८ वर आलं होतं ते ४४-४५ झालं, मला वाटतं यात स्लिप गेल्याचा वाटा जास्त आणि तेलाचा कमी. गेल्या महिन्यात वाईहून पसरणी घाट डबलसीट चढवला, तिसऱ्याला रेस दिली की गाडी ओढते, वास नाही काही नाही.

जे सुटलं नाही ते म्हणजे न्यूट्रल. क्लचच्या घंटीच्या (प्लेटी ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीच्या) दातांवर प्लेटींनी खाचा पाडल्यात, प्लेट त्यात अडकते आणि गाडी गरम झाली की क्लच पूर्ण सुटत नाही. मेकॅनिक तेव्हाच म्हणाला होता घंटी पण बदला, मीच पैसे वाचवले. तिथं तो बरोबर होता. पुढच्या वेळी कव्हर खोलेन तेव्हा टाकेन, तोपर्यंत सिग्नल लांबून लाल दिसला की गाडी थांबायच्या आधीच न्यूट्रल करून घेतो. केबलला मात्र हात लावत नाही.