लिबरऑफिस सात महिने वापरल्यावर: वर्डची फाइल खरंच नीट उघडते का?

सात महिने झाले रोजचं सगळं काम लिबरऑफिसवर (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर) चाललंय, आणि विचारणारे सगळे एकच विचारतात, समोरच्याने पाठवलेली वर्डची फाइल नीट उघडते का. उघडते. साधी पत्रं, अर्ज, टेबलवाले रिपोर्ट, काही त्रास नाही. पण पहिल्याच महिन्यात एक चाळीस पानी अहवाल उघडला तर त्रेचाळीस पानं, अनुक्रमणिकेतले पान नंबर सगळे चुकलेले आणि शेवटच्या पानावर सहीची ओळ एकटीच. दोन दिवस मार्जिन आणि टेबल तपासण्यात गेले.

कारण निघालं फॉन्ट. फाइल कॅलिब्री या वर्डच्या फॉन्टमध्ये होती, माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर कॅलिब्री नाही, मग त्याच्या जागी दुसराच जरा रुंद फॉन्ट बसला आणि एकेक ओळ पुढे सरकत गेली. कार्लिटो नावाचा फुकट फॉन्ट आहे, त्यातल्या अक्षरांची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीएवढीच ठेवलीये, वर्डच्याच कँब्रिया फॉन्टसाठी तसाच कॅलाडिया. दोन्ही टाकले, फाइल परत उघडली, बरोब्बर चाळीस पानं! इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक बघा, देवनागरीचा फॉन्ट आणि साइज इंग्रजीपासून वेगळा सेट होतो, स्टाइलमध्ये दोन्ही द्यायचे, नाहीतर एकाच हेडिंगमध्ये इंग्रजी मोठं नि मराठी बारीक दिसतं.

कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये, एक्सेलसारख्याच 10,48,576 ओळी मावतात, व्हीलुकअप (टेबलातून नोंद शोधणारा फॉर्म्युला), पिव्हट (आकड्यांचा गोषवारा काढणारं टेबल) सगळं चालतं, एक्सलुकअप (व्हीलुकअपचाच नवा प्रकार) लिबरऑफिसच्या 24.8 व्हर्जनपासून आलंय. मॅक्रोचं (तीच तीच कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) मात्र खरं सांगते, एक्सेलमध्ये व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो काही चालतात, काही नाही. तुमचं काम मॅक्रोवरच उभं असेल तर आधी तीच फाइल उघडून बघा, बाकीच्या फायली बघून ठरवू नका.

आणि एकच डॉकएक्स (वर्डची) फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये आलटून पालटून सेव्ह करणं मी पूर्ण बंद केलंय, कारण प्रत्येक वेळी आतली मांडणी नव्याने लिहिली जाते आणि नंबरिंग, टेक्स्ट बॉक्स हळूहळू बिघडतात. आता मूळ प्रत ओडीटीमध्ये (लिबरऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट, 2006 पासून आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे), समोरच्याला बदल करायचे असतील तरच डॉकएक्स, नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ. पीडीएफ काढताना हायब्रिडवर टिक केलं की मूळ ओडीटी त्याच्यातच राहते, महिन्याभराने तीच पीडीएफ लिबरऑफिसमध्ये उघडून मजकूर बदलता येतो.